बुरशी गाईड वाचत नाही

पाऊस नीट लागला, वर्गातल्या भिंतींना ओल आली आणि रेनकोटांचा कुबट वास दप्तरांपर्यंत पोचला, की विज्ञानाच्या बाईंना बुरशीचा प्रयोग आठवतो. "उद्या येताना प्रत्येक गटाने पाव आणायचा," असं त्या जाहीर करतात आणि सातवी-ब एकदम ताठ बसते. विज्ञानाच्या तासाला पाव म्हटल्यावर कुणाला मिसळ दिसते, कुणाला वडा. मागच्या बाकावरून "बाई, बटर पण आणू का?" असा प्रश्न येतो. मग बाई सांगतात की पाव खायचा नाही, तो खराब होऊ द्यायचा आहे. तो कसा खराब होतो हे रोज बघायचं आहे आणि जर्नलमध्ये लिहायचं आहे. वर्गाचा उत्साह तिथेच निम्म्यावर येतो.

हा निरोप घरी पोचतो तेव्हा खरी अडचण सुरू होते. घरात आजी असते, आणि जिच्याशी आजीने सारा जन्म वैर केलं, तिला पाळायचा गृहपाठ शाळेने नातवाला दिलेला असतो. आजीच्या तोंडी 'बुरशी' हा शब्दही नसतो. ती 'बुरा' म्हणते. लोणच्याला बुरा आला, पापडाला बुरा आला, कपाटातल्या चामडी चपलेला बुरा आला. घरावर अशी वेळ येऊ नये म्हणून तिने जे कायदे केलेले असतात, ते घटनेपेक्षा कडक असतात. बरणी उन्हात तापवून घ्यायची, फोडी पुसून कोरड्या करायच्या, वर मिठाचा थर द्यायचा, फोडी बुडतील इतकं तेल ओतायचं, तोंडाला स्वच्छ दादरा बांधायचा. ओला चमचा बरणीत घालणाऱ्याला त्या घरात क्षमा नाही. जावयालाही नाही.

पुस्तकात लिहिलं आहे की बुरशीला ओल, ऊब, हवा आणि खायला काहीतरी एवढं मिळालं की पुरतं. आजीचं धोरण म्हणजे या चारांतलं एकेक काढून घ्यायचं. मीठ आणि साखर पदार्थातलं पाणी धरून ठेवतात, त्यामुळे बुरशीच्या वाट्याला ते येत नाही. तेलाचा तवंग हवा तोडतो. उन्हाळ्यात गच्चीवर घातलेल्या कुरडया-सांडग्यांत ओलच उरत नाही. ऊब तेवढी तिच्या हातात नव्हती, ती फ्रिज आल्यावर आली. त्यामुळे नातू "शाळेत बुरशी वाढवायची आहे" म्हणाला, तेव्हा आजीने फक्त एवढंच विचारलं, "आणि फी किती घेतात याची?"

प्रयोग दिसायला सोपा असतो. एकाच लादीचे पाच पाव घ्यायचे. पहिल्याला कुणी हात लावायचा नाही, तो चिमट्याने उचलून पिशवीत. दुसरा, मधल्या सुट्टीत मैदानावर खेळून आलेल्या हातांनी सगळ्या गटाने चोळायचा. तिसरा, साबणाने हात धुऊन चोळायचा. चौथा फ्रिजमध्ये. पाचवा खिडकीत, उन्हाला. प्रत्येक पिशवीचं तोंड सेलोटेपने बंद करायचं आणि वर तारीख घालायची. बाई एक वाक्य दोनदा सांगतात, कारण सगळा प्रयोग त्यावर उभा असतो: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हे मुलांच्या स्वभावात बसत नाही. एका गटाने 'लवकर यावी म्हणून' पाव भिजवला, त्यावर जॅम लावला आणि वर पिशवी कपाटामागच्या अंधारात ठेवली. त्यांना भरघोस बुरशी मिळाली, पण ती पाण्याने आली, जॅमने आली की अंधाराने, हे कुणालाच सांगता येईना. (अंधाराने आली नाही एवढं नक्की. बुरशीत हरितद्रव्य नसतं, त्यामुळे तिला उजेडाशी देणंघेणं नसतं.)

दुसरा घोटाळा पावाच्या जातीचा. कोपऱ्यावरच्या बेकरीचा लादीपाव जुलैच्या हवेत तीन-चार दिवसांत शरण येतो. पण एका मुलाच्या आईने 'शाळेत न्यायचाय, चांगला असू दे' म्हणून पाकिटातला सँडविच ब्रेड दिला. आठवडा झाला तरी त्याच्या पिशवीत काही हालचाल नाही. बाकीच्यांच्या पिशव्यांत हिरवळ माजली आणि हा रोज पांढऱ्याशुभ्र स्लाइसकडे पाहून खिन्न. शेवटी त्याने वेष्टन आणून दाखवलं. त्यावर बारीक अक्षरात परिरक्षक २८२ असं छापलेलं होतं. २८२ म्हणजे कॅल्शियम प्रोपिओनेट. ते बुरशीला रोखण्यासाठीच ब्रेडमध्ये घालतात. त्या मुलाचा प्रयोग फसला नव्हता. वर्गात काम करून गेलेला तो एकमेव पदार्थ होता.

इथे जर्नलचा विषय काढायलाच हवा. आपल्याकडे प्रयोगाची वही आणि प्रयोग यांचा संबंध अनेकदा दूरच्या नातेवाइकांसारखा असतो, लग्नकार्यापुरती भेट. 'उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान' हे पाचही मथळे पहिल्याच संध्याकाळी गाईडमधून उतरवून झालेले असतात. पाव अजून मऊ आणि खाण्यालायक असताना वहीत मात्र 'तिसऱ्या दिवशी पावावर कापसासारखी पांढरी बुरशी दिसून आली' असं सुवाच्य अक्षरात आलेलं असतं. सर्वांत हुशार मुलीने तर पाचव्या दिवसाची आकृती रंगवूनही ठेवली. आता बुरशीचं काम एकच उरलं: वहीप्रमाणे वागायचं.

तिसरा दिवस उजाडला आणि काहीच दिसलं नाही. चौथ्या दिवशी एका पिशवीत पावाच्या कडेला धुकं साचल्यासारखा पांढुरका पट्टा दिसला. पाचव्या दिवशी भिंगातून पाहिलं तर तो पट्टा म्हणजे एकमेकांत गुंतलेले बारीक धागे, आणि प्रत्येक उभ्या धाग्याच्या टोकाला टाचणीच्या माथ्याएवढाही नाही असा काळा मणी. ही रायझोपस, पावावर हमखास येणारी. तो मणी म्हणजे बीजाणूंची पिशवी. फुटली की हजारो बीजाणू हवेत. दुसऱ्या कोपऱ्यात पांढऱ्या किनारीचं निळसर-हिरवं वर्तुळ उमटलं होतं, जुन्या तांब्याच्या भांड्यावरच्या कळकासारखं. ही पेनिसिलियमची मंडळी. वर दिसतं ते बुरशीचं फक्त फळ. तिचे धागे आधीच पावात खोल गेलेले असतात, बाहेरच पाचक रस सोडून तिथेच पचवून मग शोषून घेत असतात. आधी पचवायचं, मग खायचं, असा उलटा कारभार. मुलं सहसा 'शी' म्हणून मागे सरतात. पण ज्याने एकदा भिंगातून तो काळ्या मण्यांचा बाजार पाहिला, तो पुढचे दोन दिवस मधल्या सुट्टीत डबा उघडण्याआधी पिशवी बघायला जातो.

घोळ वेगळाच झाला. पाचांपैकी सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त बुरशी आली ती तिसऱ्या पावावर. म्हणजे साबणाने हात धुऊन चोळलेल्या पावावर! मैदानातून आलेल्या हातांचा पाव मात्र तुलनेने बरा. वर्गात एकच आनंद झाला. इतकी वर्षं मोठ्यांनी फसवलं, आता विज्ञान आपल्या बाजूने आहे. एकाने वहीत अनुमान लिहूनही टाकलं: 'यावरून असे सिद्ध होते की हात धुणे आरोग्यास अपायकारक आहे.' गाईडमध्ये नेमकं उलटं छापलेलं होतं, त्यामुळे हुशार मुलीची रंगवलेली आकृती चुकली आणि ती रडवेली झाली.

बाईंनी कारण शोधायचं काम वर्गावर टाकलं. बरेच तर्क झाले. साबण बुरशीला आवडतो. नळाचं पाणी खराब आहे. त्या गटातल्या अमक्याचा हातच तसा आहे. उत्तर संध्याकाळी घरून आलं. नातवाने आजीला सगळी हकीकत सांगितली, आजी भाजी निवडता निवडता म्हणाली, "हात पुसले होतेस का रे?"

नव्हते पुसले. टॉवेल कुणी आणला होता? हात धुतले आणि ओल्या हातांनीच पाव चोळला. म्हणजे त्या पावावर एक नाही, दोन गोष्टी बदलल्या होत्या: साबण आणि पाणी. धुतल्यामुळे काही बीजाणू गेलेही असतील, पण हवेतून येणाऱ्यांना तोटा नव्हता, आणि त्यांना हवी ती ओल पावाला घरपोच मिळाली. दुसऱ्या दिवशी प्रयोग पुन्हा मांडला, या वेळी रुमालासकट.

हा फसलेला पाव सगळ्या पाठात सर्वांत मोलाचा होता, असं म्हणायला हरकत नाही. गाईडप्रमाणे बुरशी आली असती तर वह्या तपासून सही होऊन कपाटात गेल्या असत्या.

असाच हात-धुण्याचा प्रयोग २०१९ मध्ये अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या एका प्राथमिक शाळेने केला आणि त्याचे फोटो जगभर फिरले. तिथे एक स्लाइस वर्गातल्या लॅपटॉपवर घासला होता, आणि सगळ्यांत भीषण झाला तोही तोच. आपल्याकडे हे फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटांवर पोचले, ते 'मुलांना दाखवा' अशा सूचनेसह. ज्या मोबाईलवरून ते पुढे पाठवले गेले, त्याच्यावर पाव घासून बघायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

पावावरची बुरशी कुठून येते हा प्रश्न एके काळी सातवीचा नव्हता, भल्याभल्यांचा होता. कुजणाऱ्या पदार्थातून ती आपोआप उपजते असं मानत. इंग्लंडच्या रॉबर्ट हुकने १६६५ मध्ये सूक्ष्मदर्शकातून बुरशीचं चित्र काढलं, ते चामडी बांधणीच्या एका पुस्तकावर आलेल्या बुरशीचं. म्हणजे कोकणातल्या पावसाळी कपाटात जे दरवर्षी घडतं तेच. पण पहिला खरा शाळकरी प्रयोग करणारा म्हणजे फ्लोरेन्सचा पिएर अँटोनिओ मिकेली. त्याने खरबूज आणि नासपतीसारख्या फळांचे काप घेतले, त्यांवर बुरशीची भुकटी टाकली, आणि ज्या जातीची भुकटी टाकली त्याच जातीची बुरशी उगवली असं १७२९ मध्ये छापून सांगितलं. ती भुकटी म्हणजे बी आहे, एवढंच त्याचं म्हणणं. एका बुरशीचं डोकं त्याला चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडायच्या झारीसारखं दिसलं, म्हणून त्याने तिचं नाव ठेवलं अस्परजिलस. आपल्याकडच्या कुणी पाहिली असती तर गुलाबदाणी म्हटलं असतं.

वर्गात शनिवारी शिपाईकाका येतात आणि प्रयोगाचं भवितव्य त्यांच्या झाडूच्या हातात असतं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. कपाटावर बुरशी आलेले पाव ठेवलेत आणि ते टाकायचे नाहीत, हे कुठल्याही सभ्य माणसाला पटणार नाही. पण लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात असा एखादा तत्पर गृहस्थ असता तर काय झालं असतं, याचा विचार करावा. सप्टेंबर १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग सुट्टीवरून परतला, तर त्याच्या पसाऱ्यातल्या एका बशीत जीवाणूंच्या शेतात कुठूनशी बुरशी येऊन बसली होती, आणि तिच्याभोवतीचे जीवाणू विरघळून गेले होते. टेबल नीट आवरून सुट्टीवर जाणाऱ्या माणसाला पेनिसिलिन सापडलं नसतं. आयांनी हे वाक्य मुलांना वाचून दाखवू नये.

फ्लेमिंगनंतर बारा वर्षांनी ऑक्सफर्डमध्ये ही बुरशी पुरेशी वाढवायला भांडी मिळेनात, युद्ध चालू होतं, तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांनी ती चक्क रुग्णालयातल्या बेडपॅनमध्ये वाढवली. शत्रू चालून आला तर बुरशी हाती लागू नये आणि वाचावीही, म्हणून त्यांनी आपल्या कोटांच्या अस्तरांना तिचे बीजाणू चोळून ठेवले होते. सातवी-बच्या युनिफॉर्मच्या खिशांत मधल्या सुट्टीतला वडापाव असाच ठेवलेला असतो, पण तो राष्ट्ररक्षणासाठी नाही. पुढे अमेरिकेत पिओरिया गावच्या प्रयोगशाळेत १९४३ मध्ये एका खरबुजावर अशी बुरशी सापडली की तिने आधीच्यांच्या कितीतरी पट पेनिसिलिन दिलं. जगभरच्या कारखान्यांतल्या वाणांचं कूळ बहुतांशी त्याच खरबुजाकडे जातं. मिकेलीने खरबुजावर सुरुवात केली आणि दोनशे चौदा वर्षांनी उत्तरही खरबुजावरच मिळालं. बुरशी खरवडून घेतल्यावर उरलेलं खरबूज प्रयोगशाळेतल्या लोकांनी खाल्लं, असंही सांगतात. आजीला हे सांगू नये.

हे सगळं परदेशातलं झालं असं वाटत असेल तर पुण्याहून मुंबईला जाताना पिंपरी लागते. तिथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने स्थापन झाला, तो पेनिसिलिन देशात बनवण्यासाठी. म्हणजे टाक्या भरभरून बुरशी वाढवणं ही तिथली नोकरी होती, पगार आणि बोनससह. त्याच कारखान्याच्या संशोधकांनी पुढे बुरशीचेच रोग बरे करणारं हॅमायसिन हे औषध शोधलं, आणि ते ज्या जीवाणूपासून मिळालं त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आपल्या गावाचं नाव लॅटिनमध्ये जावं म्हणून लोक काय काय करतात. पिंपरीला ते मातीतल्या जीवाणूने मिळवून दिलं.

एवढं कौतुक झाल्यावर मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग बुरशी आलेला पाव खाल्ला तर पेनिसिलिन मिळेल का? नाही मिळणार. पावावर कोण बसलंय हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, आणि बसणाऱ्यांत सगळेच सज्जन नसतात. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. कारण शोधता शोधता बोट पोचलं त्यांना खायला घातलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीवर. तिच्यावर वाढलेल्या अस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचं विष, म्हणून नाव अफ्लाटॉक्सिन. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थान सीमेवरच्या आदिवासी गावांत पावसात भिजून बुरसलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं दगावली. त्यांच्याकडे दुसरं धान्य नव्हतं. हे विष नेहमीच्या शिजवण्या-भाजण्याने जात नाही. तेव्हा वरचा हिरवा भाग कापून 'खालचा चांगला आहे' म्हणत पाव वाढणाऱ्यांनी आपली काटकसर दुसऱ्या कशावर तरी दाखवावी. धागे खालपर्यंत गेलेले असतात. खवट, काळपट, सुरकुतलेला शेंगदाणा तोंडात आला की थुंकून टाकायची जी आपली सवय आहे, ती अगदी शास्त्रशुद्ध आहे.

उलट भीतीही नको. २०२१ च्या मे महिन्यात कोविडनंतरच्या म्युकरमायकोसिसने घराघरांत धास्ती भरली, तेव्हा कांद्याच्या सालीवरची काळी पूड आणि फ्रिजच्या रबरावरचा काळा थर म्हणजेच ती 'काळी बुरशी' असा निरोप मोबाईलवरून फिरला. अनेक घरांत कांदे फेकले गेले. कांद्यावरची ती काळी पूड सहसा अस्परजिलस नायजरची असते. ती धुऊन टाकायची, एवढंच. गंमत अशी की बाजारात मिळणारं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक आम्ल, आज मुख्यतः याच जातीच्या बुरशीकडून कारखान्यांत करून घेतात. कांदे फेकून हात धुतल्यावर त्याच संध्याकाळी ढोकळ्यात लिंबूफूल घातलेल्या घरांची संख्या कुणी मोजलेली नाही.

सातवी-बचा दुसरा प्रयोग रीतसर पार पडला. पुसलेल्या हातांचा पाव बराच टिकला, फ्रिजमधला त्याहून जास्त टिकला, पण शेवटी त्यालाही बुरशी आली. थंडी तिला सुस्त करते, मारत नाही. हुशार मुलीने आकृती खोडली आणि पिशवी समोर ठेवून नवी काढली. शेवटचा वाद पिशव्या कुठल्या डब्यात टाकायच्या यावर झाला: आत ओला कचरा, बाहेर प्लॅस्टिकचा सुका. बाईंनी पिशव्या न उघडता तशाच टाकायला लावल्या, कारण दम्याच्या मुलांना ते बीजाणू नाकात जाणं चांगलं नाही. घंटागाडीवाल्याने त्या हातात धरून एकदा बाईंकडे पाहिलं आणि काही न बोलता टाकल्या.

घरी कुणाला हे करून बघायचं असेल तर पाव बेकरीचा आणावा, पाकिटाचा नको. हात धुऊन पुसावेत. पिशवी बंद झाली की ती पुन्हा उघडू नये. आणि पिशवीवर तारखेशेजारी 'खाऊ नये' असं ठळक मार्करने लिहावं. घरात रात्री उशिरा येऊन दिवा न लावता ओट्यावर हात फिरवणारं कुणी ना कुणी असतंच.